मामला तिथं मजलिस

माझ्या नोकरीतली पहिली सरकारी बैठक उकिरड्यावर भरली. त्या दिवशी मी नवा कोट घातला होता. औरंगाबादच्या शिंप्यानं शिवलेला, काळा, गळ्यापर्यंत बटणं असलेला. तो पाहून माझे मामा म्हणाले होते की आता तू साहेबच झालास, आणि मी ते खरं धरून चाललो होतो. कचेरीत पोचलो तर दाराला कुलूप. चपराशानं सांगितलं, "मजलिस आज शिंपी गल्लीच्या मागं हाय. सतरंजी गेली, दौत गेली, तुमीच राह्यलात." गेलो. गावाच्या कचऱ्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी निळी सतरंजी, आणि तिच्यावर गावचे सगळे मानकरी नाकाला उपरणं लावून बसलेले. मधोमध आमचे साहेब, रुमी टोपी सरळ, शेरवानीची सगळी बटणं बंद, चेहऱ्यावर अत्तराच्या दुकानात बसल्यासारखा आराम.

"तुमी नवे मुन्शी?" त्यांनी विचारलं. "बसा बे. कोट चांगला हाय."

तो दिवस निजामाच्या राज्यातल्या, बालाघाटाच्या कडेला, धारूरहून थोड्या अंतरावर असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावातला. साहेब तालुक्याचा कारभार बघत आणि त्याच नात्यानं लोकल फंड कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्षही होते. ही कमिटी म्हणजे रस्ते, धर्मशाळा, शाळा, दवाखाना, रस्त्याकडेची झाडं, पिण्याचं पाणी आणि गावची घाण, एवढ्या सगळ्याची धनी. यासाठी पैसा यायचा दोन वाटांनी. एक शेतसाऱ्यावरची पट्टी, ती बरीचशी वर बीडला आणि तिथून पुढं जायची. दुसरा आठवड्याचा जनावरांचा बाजार, त्याची वसुली मात्र गावात राहायची. माझा पगार त्या बाजाराच्या वसुलीतून होता. जागा हंगामी, दर वर्षी नव्यानं मंजूर व्हायची. म्हणजे मी बैलांच्या जिवावर जगत होतो, आणि तरी स्वतःला सरकारचा खांब समजत होतो.

साहेब मूळचे हैदराबादचे, घराणं मोठं, उर्दू अशी की ऐकत राहावी. पण गावात आल्यावर त्यांनी ठरवलं की रयतेशी रयतेच्या बोलीत बोलायचं, आणि ही बोली शिकायला ते गेले घाटातल्या गाडीवानांकडं. त्यामुळं शेरवानीतून जी मराठी बाहेर पडे ती ऐकून परगावचा माणूस दचकत असे. 'तुम्ही'ला 'तुमी' म्हणत, आदब राखत, आणि वाक्याच्या शेवटी 'बे' लावत. गावच्या देशमुखांना, ज्यांच्यासमोर आम्ही मान वर करत नसू, ते खुशाल म्हणत, "देशमुखसाब, तुमी इकडं सरका बे." देशमुखांचा चेहरा लाल व्हायचा, पण ते सरकायचे.

उकिरड्यावर बैठक का, हे मला पुढं कळलं. साहेबांचा एक नियम होता, मामला जिथं, तिथं मजलिस. शाळेचं छप्पर गळतं, तर बैठक शाळेत, तीही पाऊस असताना. धर्मशाळेत ढेकूण झाले, तर बैठक धर्मशाळेच्या बाजल्यांवर. सदस्यांना वाटे, हा माणूस आपला छळ करतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, कचेरीत लोडाला टेकून जो विषय महिनोन्‌महिने चघळला जायचा, तो उकिरड्यावर पान खाऊन संपायच्या आत मंजूर व्हायचा. कचरा गावाबाहेरच्या खाणीत टाकायचा ठराव त्या दिवशी मी उभ्या उभ्या लिहिला. कोट मात्र पुढं धुऊनही वास सोडेना.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मला उर्दू लेखनाचा मोठा अभिमान होता. साधा अर्ज लिहायचा तरी मी आधी आसमान, मग जमीन, मग हुजूरांचा इकबाल, असा वळसा घेत मुद्द्यावर यायचो. साहेब तो कागद हातात घेत, टाक घेत, आणि वरपासून खाली रेघा मारत येत. शेवटी दोन ओळी उरत. "यात पाणी कुठंय, मुन्शी?" ते विचारत. विहिरीच्या गाळाबद्दलचा कागद असे, त्यात पाणी खरोखरच फार उशिरा आलेलं असे. मी मनातल्या मनात म्हणायचो, हैदराबादचा असून याला भाषेची गोडी नाही. बाहेर मात्र 'जी' म्हणून दुसरी नक्कल करायला बसायचो.

पाण्याचं त्यांना वेडच होतं. दौऱ्यावर गेले की पाटील हार घेऊन पुढं येई, तेव्हा हे आधी विहिरीकडं चालू लागत. पितळेचा लहानसा तांब्या खांद्याला दोरीनं अडकवलेला असे. पाणी तोंडात घोळवत, डोळे मिटत, आणि निकाल देत. "तलवाड्याचं पाणी जड हाय, पर मनानं चांगलं हाय." "परळीचं ग्वाड हाय, पर त्याला लई घमेंड हाय." एकदा एका गावचं पाणी पिऊन ते पाटलाला म्हणाले, "तुमच्या गावात भांडणं लई होत असतील." पाटील घाबरून हो म्हणाला. आता कुठल्या गावात भांडणं होत नाहीत, पण मला तेव्हा तो चमत्कार वाटला आणि तो मी पत्रातून मामांना कळवलाही.

माझ्याकडं रस्त्याकडेच्या झाडांचं खातं होतं. कागदावर मी धारूरच्या वाटेला दोन्ही बाजूंनी लिंब लावले होते. प्रत्यक्षातही लावले होते, पण शेळ्यांना ते कळवायचं राहून गेलं. अशात बीडहून अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य साहेब, दौऱ्यावर निघाल्याची वर्दी आली. मी डोकं चालवलं. माणसं लावून लिंबाच्या मोठमोठ्या फांद्या तोडल्या आणि जिथं रोपं खाल्ली गेली होती तिथं पुरून टाकल्या. वर खड्ड्यांना आळीही केली. तालुकदारांची स्वारी धूळ उडवत निघून गेली, त्यांनी मान हलवली, आणि मी अहवाल लिहिला. त्यात 'मुसाफिरांना साया देणारे दरख्त', म्हणजे वाटसरूंना सावली देणारी झाडं, असे शब्द होते. मला ते फार आवडले होते.

साहेबांनी अहवाल वाचला. या वेळी एकही रेघ मारली नाही. मला वाटलं, अखेर पटलं. पुढच्या बैठकीचं बोलावणं निघालं, ठिकाण, धारूरच्या वाटेवर, नव्या झाडांच्या सायेत. चैत्राचं ऊन, दुपारची वेळ. फांद्या तोवर वाळून खराटे झालेल्या. साहेबांनी प्रत्येक सदस्याला एकेका खराट्याखाली बसवलं, स्वतः एकाखाली बसले आणि मला म्हणाले, "मुन्शी, अहवाल वाचा. मोठ्यानं." मी वाचला. 'साया देणारे दरख्त' या शब्दांशी आलो तेव्हा वारा सुटला आणि देशमुखांवरचा दरख्त त्यांच्या पगडीवर आडवा झाला.

"ऊन लागतंय का, मुन्शी?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. घाम डोळ्यांत जात होता.

"मंग झाडं चांगली हायती. पुढचा विषय घ्या."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या पावसाळ्यात मी पुन्हा रोपं लावली आणि प्रत्येकाला काट्यांचं कुंपण स्वतःच्या हातानं केलं. हातात काटे मोडले ते सुईनं काढताना देशमुखांच्या वाड्यातल्या बायका हसत, कारण मी तिथंच एका खोलीत भाड्यानं राहत होतो.

आता बारवेकडं येतो, कारण साहेबांची खरी लढाई तिथंच झाली. गावाच्या खालच्या आळीला पिण्याचं पाणी एका जुन्या पायऱ्यांच्या बारवेतून मिळे. बारव सुंदर, दगड असे बसवलेले की फटीत नख जाऊ नये. पण तिच्या वरच्या अंगाला जो उताराचा माळ होता, तिथंच आठवड्याचा जनावरांचा बाजार भरे. कित्येक पिढ्या भरत होता. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही. पावसाळ्यात मात्र माळावरचं सगळं शेणमूत धुऊन बारवेत उतरे, आणि दर वर्षी खालच्या आळीत पटकीनं माणसं जात. गाव म्हणे, देवीचा कोप. साहेब म्हणत, माळावर बैल देवी बांधत न्हाई, आपण बांधतो.

त्यांचं म्हणणं एवढंच, की बाजार ओढ्यापलीकडच्या मुरमाड रानात हलवावा. विरोध बाजाराच्या ठेकेदाराचा. ठेका कागदोपत्री एका मेव्हण्याच्या नावावर होता, पण खरे ठेकेदार आमचेच एक सदस्य, शेठजी. ते शांत, गोड बोलत. "साहेब, जागा बदलली की व्यापारी बिथरतो. तो दुसऱ्या गावच्या बाजाराला जाईल. वसुली बुडाली तर शाळा कशावर चालवायची? दवाखाना कशावर?" यात खोटं काही नव्हतं. बाजार हलला असता तर एखाद-दोन वर्षं वसुली खाली येणारच होती, आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड हंगामी जागांवर पडणार होती. हंगामी जागा एकच होती, आणि ती या लेखाच्या लेखकाची होती.

त्यात माझं लग्न तलवाड्याला ठरत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला होता, जागा टिकणार ना? मी म्हणालो होतो, "सरकार टिकलं तर जागा टिकेल." मुलीला मी एकदाच पाहिलं होतं, ती चुलीपाशी वाकून फुंकर घालत होती आणि धुरानं डोळे चोळत माझ्याकडं बघून हसली होती. तेवढ्यावर मी पुढच्या तीस वर्षांचे संसाराचे बेत करून टाकले होते.

तरीही बाजार हलवण्याच्या ठरावाचे मसुदे मी अतिशय जोमानं लिहीत असे. कारण साधं होतं. तो कधीच मंजूर होणार नाही याची मला पक्की खात्री होती. न होणाऱ्या गोष्टीवर लिहिताना माझी लेखणी फार मोकळी चालते. मी त्या पाण्यावर एक लांबलचक वाक्य रचलं होतं. त्यात आईच्या दुधापासून सुरुवात होऊन बारवेच्या तळापर्यंत उतरणं होतं, एकेका पायरीला एकेक शब्द. महिनोन्‌महिने मी ते घासत होतो. प्रत्येक मसुद्यात ते घालायचो, साहेब प्रत्येक वेळी काढायचे, आणि ठराव प्रत्येक वेळी पडायचा.

मृग तोंडावर आला तेव्हा साहेबांनी बैठक बारवेत बोलावली. बोलावण्यातच लिहिलं होतं की प्रत्येकानं आपापला तांब्या आणावा. सदस्य पायऱ्यांवर बसले. खालच्या आळीतली एक म्हातारी पाणी भरत होती, तिनं सगळ्यांकडं पाहिलं.

"इथं कावून बसलाव समदे? कुणी गेलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई, माय," साहेब म्हणाले. "पाणी कसं हाय, बघायला आलो."

"आता बरं हाय. पाऊस पडला की मंग फडकं दुपदरी करावं लागतंय." असं म्हणून तिनं घागरीवर लुगड्याचा धडपा ताणला, पाणी गाळलं आणि निघून गेली.

साहेबांनी सदस्यांना सांगितलं, "मत देण्याआधी पाणी प्या. प्याला तर मत द्या, मी मोजीन." देशमुखांना त्या दिवशी उपास निघाला. साहेबांनी विचारलं, उपासाला पाणी चालत न्हाई का? देशमुख म्हणाले, हा उपास निराळा आहे. शेठजींना वैद्यानं उकळलेलंच पाणी सांगितलं होतं. बाकीचे तांबे घेऊन तळाकडं बघत बसले. मी सदस्य नव्हतो, त्यामुळं मोठ्या शांतपणे टाक पुसत होतो. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

साहेब खाली उतरले, आपला तांब्या भरला आणि उभ्यानं संपवला. "गाव जोवर हे पाणी पितं, तोवर मी बी हेच पिणार," ते म्हणाले. त्यांच्या बंगल्याच्या आवारात स्वच्छ विहीर होती. दुसऱ्या दिवसापासून तिला झाकण लागलं आणि बारवेच्या घागरी बंगल्यावर यायला लागल्या. आम्हाला वाटलं, हैदराबादी लहर आहे, चार दिवसांत उतरेल. पाऊस लागला, माळ धुतला गेला, लहर उतरली नाही. मी एकदा हात जोडून म्हणालो, "साहेब, निदान उकळून घ्या." ते म्हणाले, "खालच्या आळीत सरपण कोण देतं, तुमी का?"

आणि ते पडले. उलट्या, जुलाब, दोन दिवसांत डोळे आत गेले. त्याच आठवड्यात खालच्या आळीतून दोन तिरड्या निघाल्या, त्यातली एक त्या म्हातारीची होती. मी बंगल्यावर गेलो तेव्हा त्यांनी ओळखलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मजलिस बोलवा. ठिकाण, सदरांची खाट.

सगळे आले, कारण नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. सोप्यात खाटेभोवती तीच निळी सतरंजी अंथरली होती. देशमुख दाराशीच थांबले. नाकावर उपरणं, डोळे अंगणाकडं.

"आत या बे," साहेब म्हणाले. आवाज पार बसला होता. "मामला जिथं, तिथं मजलिस. मामला आता माझ्या पोटात हाय."

देशमुख बसले आणि बसता बसताच म्हणाले, "मंजूर." विषय अजून वाचला गेला नव्हता. बाकीच्यांचे हात भराभर वर आले. शेठजींनी खाटेकडं पाहिलं, खाटेखालच्या घंगाळाकडं पाहिलं, आणि त्यांचाही हात वर गेला. इतक्या वर्षांचा वाद भीतीनं एका श्वासात मिटला. माझी खात्री पार खोटी ठरली होती. राहिलं एकच, मी ठराव लिहायचा, वाचून दाखवायचा आणि त्याच बैठकीत दस्तखत घ्यायचे. तसं झालं नाही तर कायद्यानं ठराव पडत होता.

मी लिहायला घेतलं आणि हात थांबला. समोर चुलीपाशी वाकलेली ती मुलगी दिसायला लागली.

साहेबांनी डोळे उघडले. "कावून थांबले बे?"

"साहेब, बाजार हलला की माझी जागा जाते."

"हां. जाते."

"माझं लग्न ठरलंय."

"ठावं हाय मला." थोडा वेळ ते माझ्याकडं बघत राहिले. त्यात हुकूम नव्हता, विनवणीही नव्हती. मग त्यांनी डोळे मिटले, आणि झोपले की ग्लानी आली ते कळलं नाही.

शेठजी माझ्या कानाशी आले. "मुन्शी, घाई कशाला करता? साहेब आज हायती, उद्या न्हाईती. तुमचं सगळं आयुष्य पडलंय. आमी निघतो, पुढच्या बैठकीत बघू." ते उठलेच. त्यांच्या मागं देशमुखही जोडा शोधायला लागले.

त्या वेळी मला साहेबांचा भयंकर राग आला होता. त्यांच्यावर माझा जीव होता, म्हणून तो अधिकच आला. आणि आपण मोठं काही केलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. खालच्या आळीचा विचार माझ्या मनात आला, पण आधी नाही, मागून आला. खरं झालं ते असं. कागदावर माझं ते वाक्य अर्धं लिहून झालं होतं. रेघ मारणारा माणूस डोळे मिटून पडला होता. महिनोन्‌महिने घासलेलं वाक्य पहिल्यांदाच सरकारी ठरावात सबंध उतरायची संधी होती, आणि ते आईच्या दुधापाशी लोंबकळत सोडून उठणं मला जमेना. "बसा शेठजी," मी म्हणालो. "होत आलं." ते आश्चर्यानं बसले. मी पायरी पायरीनं बारवेच्या तळापर्यंत उतरलो, पूर्णविराम दिला, ठराव वाचून दाखवला आणि दौत पुढं केली. दस्तखत करून सगळे जवळजवळ पळाले.

साहेब वाचले. बीडहून आलेल्या डॉक्टरानं वाचवलं म्हणावं, की हट्टानं, कोण जाणे. तोवर बातमी तलवाड्याला पोचली होती. मुलीच्या वडिलांचा निरोप आला, मोजक्या शब्दांत, त्यात नकार होता, वाईट शब्द मात्र नव्हता. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बीडला पाठवायची ठरावाची नक्कल घेऊन बंगल्यावर गेलो. साहेब खाटेवर टेकून बसले होते, शेरवानी अंगावर लोंबत होती, पण बटणं सगळी लावलेली. त्यांनी कागद घेतला, टाक घेतला आणि सवयीनं वरपासून वाचायला लागले. टाक त्या वाक्याशी येऊन थांबला.

मला राहवलं नाही. "साहेब," मी म्हणालो, "या वाक्यापायी माझी नोकरी गेली. तलवाड्याची सोयरीक गेली. हे लिहायचं होतं म्हणून मी त्या दिवशी उठलो नाही, न्हाईतर ठराव पडला असता."

त्यांनी वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हळूहळू, ओठ हलवत, गावोगावचं पाणी घोळवत तसं. शेवटच्या शब्दाशी आल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते. आजारपणानं असेल.

"लई चांगलं हाय, मुन्शी," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पर त्याचं काम झालं."

आणि टाक दौतीत बुडवून त्यांनी त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली.